घरात खरं बोलायला किती पडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. वडील ट्रकवर, महिन्यातले वीस-बावीस दिवस बाहेर. गेल्या तीन महिन्यांत मुलगा सात-आठ वेळा शाळेला म्हणून निघाला आणि शाळेत पोचलाच नाही. आईच्या पर्समधून पाचशेची नोट गेली. ती त्यानेच घेतली हे आईला माहीत आहे, पण ती अजून बोललेली नाही. त्याच्या कट्ट्यावरचा एक जण मोबाइल चोरीत सापडला. पालकसभेत सांगितलं गेलं की मुलांना घरकाम शिकवा, जीवनकौशल्यं शिकवा, मग ती वाईट मार्गाला लागत नाहीत. आई विचारते, "पोळ्या लाटण्याचा आणि दारात पोलीस येण्याचा काय संबंध? आणि ह्यांच्या ओळखीचे एक हवालदार आहेत, त्यांना सांगून एकदा दम भरावा का? आणि त्या पाचशेचं काय करू?"

ताई, मी परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, म्हणून २४ वर्षं काम केलं. अठरा वर्षांखालचं मूल गुन्ह्यात सापडलं की त्याला बाल न्याय मंडळासमोर नेतात, आणि मंडळ आमच्याकडे सामाजिक तपासणी अहवाल मागतं. मुदत पंधरा दिवसांची. त्या पंधरा दिवसांत मुलाच्या घरी जायचं, आई-बाप, आजी, शेजारी, शिक्षक यांच्याशी बोलायचं, आणि हे मूल इथवर कसं आलं ते कागदावर मांडायचं. अशी शेकडो घरं पाहिली. पत्र्याच्या खोल्या पाहिल्या, तसे इटालियन मार्बलचे हॉलही.

सुरुवातीला मी फार चुकले. एका घरी गेले, तर सारवल्यासारखी लख्ख फरशी, देवापुढे समई, आजी हरिपाठ म्हणतेय. मी अहवालात लिहून टाकलं, 'घरचे संस्कार चांगले, पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता कमी.' चार महिन्यांत तोच मुलगा पुन्हा समोर. तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "तुम्ही घर बघितलंत बाई, घरात तो कुठे राहतो ते नाही बघितलंत." त्यानंतर मी खुंटी बघायला लागले. मुलाचा शर्ट कुठल्या खुंटीला लटकतो, त्याचं अंथरूण कुठे पडतं, रात्री तो किती वाजता आणि कोणाबरोबर जेवतो.

तर संबंध आहे. पण पालकसभेत सांगितला तो नव्हे. उत्तम पोळ्या लाटणारी मुलंही माझ्याकडे आली आहेत. एक जण तर वडापावच्या गाडीवर काम करायचा, पन्नास माणसांचा नाश्ता एकटा उरकेल असा. घरकाम आलं म्हणजे मुलगा सरळ राहतो, असं काही नसतं. मला घरं वेगळी कळायला लागली ती एकाच प्रश्नामुळे, आणि तो मी पुढे प्रत्येक गृहभेटीत मनात विचारत राहिले: या घरात पोराला खरं बोलायला किती पडतं? म्हणजे खरं सांगितलं तर त्याला काय किंमत मोजावी लागते?

एक प्रकरण सांगते, ओळख पटणार नाही इतकं बदलून. मुलगा पंधराचा, दहावीत, वडील सेंट्रिंगच्या कामावर. मित्राची स्कूटर फिरवताना पडला. पुढचा दिवा आणि हँडलजवळचं प्लास्टिक गेलं, अठ्ठावीसशे रुपयांचा खर्च. मित्र म्हणाला, दोन दिवसांत दे, नाहीतर माझे पप्पा तुझ्या घरी येतील. वर्षभरापूर्वी या मुलाच्या हातून फोनची काच फुटली होती. तेव्हा वडिलांनी पट्ट्याने मारलं होतं. ते एक वेळ तो विसरला असता. पण पुढचे सहा महिने जो येईल त्याला, मामाला, आत्याला, दूधवाल्याला, ती गोष्ट हसत हसत सांगितली गेली. आता त्याने घरी सांगायचं कुठल्या तोंडाने? त्याच गल्लीत एक चोवीस वर्षांचा 'दादा' होता. त्याने खिशातून नोटा काढल्या, मोजल्यासुद्धा नाहीत. "राहू दे रे, भावासारखा आहेस." दोन महिने त्याने काही मागितलं नाही. मग एका संध्याकाळी म्हणाला, ही पिशवी आजची रात्र तुझ्याकडे ठेव. पिशवीत दोन कोयते होते. मुलाने उघडून पाहिलं, परत गाठ मारली आणि पलंगाखाली सारली. तिसऱ्यांदा पिशवी आली त्या रात्री पोलीसही आले.

माझ्या समोर बसून आई रडत म्हणाली, "अरे मला सांगितलं असतंस तर मी कानातलं मोडून दिले असते पैसे." मुलाने खाली बघतच उत्तर दिलं, "तू बाबांना सांगितलं असतंस."

अल्पवयीन मुलांचा असा वापर करणाऱ्या मोठ्या माणसाला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. चांगलं कलम आहे. पण कायदा येतो पिशवी सापडल्यावर. स्कूटर पडली त्या दिवशी त्या मुलासमोर दोनच दारं होती, घराचं आणि दादाचं. दादाच्या दारात विचारपूस नव्हती, पट्टा नव्हता, आत्याला सांगणं नव्हतं. चौदा-पंधराच्या मुलाला व्याज किती लागणार ते कळत नाही. आत्ता रोख किती द्यायचं तेवढंच दिसतं.

याला थोडा अभ्यासाचाही आधार आहे. मुलगा कुठे आहे, कोणाबरोबर आहे हे ज्या आई-बापांना माहीत असतं, त्यांची मुलं गुन्ह्याकडे कमी वळतात, हे संशोधकांना बरीच वर्षं ठाऊक होतं. त्यावरून सल्ला निघाला: लक्ष ठेवा, विचारपूस करा. २००० साली हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर या दोघांनी स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांकडून आणि त्यांच्या पालकांकडून बारकाईने माहिती घेतली, तेव्हा वेगळंच दिसलं. पालकांना जे माहीत होतं, त्यातलं बरंचसं मुलांनी आपणहून सांगितलेलं होतं. खोदून विचारण्याचा आणि निर्बंध घालण्याचा वाटा त्या मानाने कमी होता. म्हणजे पहारा कडक आहे की सैल, यापेक्षा मूल आपणहून किती बोलतं हे महत्त्वाचं. हल्ली पालक मोबाइलवर मुलाचं लोकेशन बघतात. माझ्या एका फाइलमधल्या मुलाचा फोन रोज संध्याकाळी क्लासच्या जिन्यावर सापडायचा. मुलगा तिथून चार किलोमीटरवर असायचा.

मग खरं बोलणं स्वस्त कसं करायचं? फुकट करायचं नाही, हे आधी लक्षात घ्या. 'जाऊ दे, लेकरू आहे' म्हणणाऱ्या घरांतली मुलंही मी पाहिली आहेत, ती काही कमी नव्हती. चुकीची भरपाई मुलाने करायलाच हवी. फक्त खरं सांगितलं तर कमी आणि लपवलं तर जास्त, हा भाव घरात पक्का हवा आणि त्याला तो आधीपासून ठाऊक हवा. तो काही सांगायला आला की पहिलं वाक्य ठरवून ठेवा: "बरं झालं सांगितलंस. किती नुकसान आहे?" 'तरी मी सांगत होते' हे वाक्य ओठावर येईल, ते गिळा. वडिलांना काय आणि कधी सांगायचं ते दोघं मिळून ठरवा आणि ठरवलं तसंच वागा. आणि घरातलं घरात ठेवा. मुलाची चूक बहिणीला फोनवर सांगताना तो पलीकडच्या खोलीत जागा असतो.

मुलं कबुली द्यायला शिकतात तीही मोठ्यांचं ऐकून. ज्या घरात बाप कधी म्हणतच नाही की आज माझ्याकडून हिशेब चुकला, किंवा आई म्हणत नाही की लाइट बिल भरायचं मी विसरले, दंड बसला, तिथे चूक ही फक्त मुलं करतात. मग ती लपवायची गोष्ट होते.

आता तुमच्या पोळ्या.

या वयाचा मुलगा समोरासमोर बसवून बोलत नाही. खुर्चीवर बसवलं, डोळ्यात डोळे घातले आणि "खरं सांग" म्हटलं की त्याचं तोंड शिवल्यासारखं होतं. माझ्या कार्यालयात टेबलापलीकडून मला काडीची माहिती मिळायची नाही. निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे, मुलांबरोबर मी मेथी निवडायला बसायचे तेव्हा मिळायची. नजर जुडीवर, हात कामात, मधेच बोलणं थांबलं तरी अवघडलेपण नाही. तिसऱ्या-चौथ्या जुडीला मुलगा बोलायला लागायचा. घरकामाचा गुन्ह्याशी मी पाहिलेला पहिला संबंध हा: दोन माणसं शेजारी शेजारी बसून काम करतात तेव्हा सांगायला जागा होते. पोळ्या तुम्ही लाटा, तो भाजेल. धुणं वाळत घालताना एक टोक त्याच्या हातात द्या. दुचाकीवर मागे बसवून बाजारात न्या. विचारू काही नका. शांत राहा. पहिले आठ दिवस तोही गप्प राहील.

दुसरा संबंध गरजेचा. एका घरात रात्री साडेअकराला गेले होते, मुद्दामच. ओट्यावर ताट झाकून ठेवलेलं, दोन पोळ्या, वाटीत गार आमटी. आई झोपलेली. मुलगा आला, मला पाहून दचकला, मग ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून फोन बघत जेवला, ताट तसंच मोरीत ठेवलं. तो आला नसता तर सकाळपर्यंत कोणाला कळलं नसतं. घर त्याला लॉजसारखं झालं होतं, फक्त भाडं नाही. याच्या उलट, एका वस्तीत दिवसाआड पहाटे साडेपाचला नळाला पाणी यायचं आणि चाळीस मिनिटांत जायचं. एका मुलाकडे ते काम पक्कं होतं. तो उठला नाही तर त्या दिवशी घरात पाणी नाही, इतकं सरळ. त्याच्या गल्लीतली चार मुलं माझ्या फायलींत होती, हा नव्हता. एका नळावरून नियम काढणार नाही. पण 'मी नसलो तर घरचं अडतं' असं वाटणारा मुलगा रात्री बाराला कट्ट्यावरून उठतो, एवढं मी पुष्कळदा पाहिलंय.

काम खरं हवं मात्र. मुलाला वळण लागावं म्हणून उगाच फर्निचर पुसायला लावलं तर ते त्याला शिक्षेसारखंच वाटतं. गॅसचा नंबर लावणं, महिन्याचं वाणसामान यादी करून आणणं, आजीच्या गोळ्या डब्यात भरणं, रविवारचा भात-आमटीचा स्वयंपाक, यातलं एक काम पूर्ण त्याचं. बिघडलं तर बिघडू द्या, भात करपला तर सगळे करपलेला खा. आणि हो, घरात मुलगी असेल तर तिची दोन कामं काढूनच त्याला द्या. आपल्याकडे मुलींना ही 'जीवनकौशल्यं' कोणी शिकवत नाही, लादली जातात. आणि मुलगा पाहुण्यासारखा वाढतो. निरीक्षणगृहात पहिल्या दिवशी स्वतःचं ताट धुवायला सांगितल्यावर भांडणारे मुलगे मी दर महिन्याला बघत होते.

आता रागाचं, कारण माझ्या फायलींत चोरीच्या खालोखाल मारामारीच होती. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या घरात बसून आई-बाप आणि मुलं एकमेकांशी कशी बोलतात, कोण काय म्हणालं, त्यावर पुढचा काय म्हणाला, याच्या नोंदी केल्या. त्यांना जे सापडलं ते तुमच्या-माझ्या घरात रोज रात्री घडतं.

"फोन ठेव."

"पाच मिनिटं."

"कधीची म्हणतेय, ठेव."

"ठेवतो ना."

"तुझं रोजचं आहे. बापासारखाच तू. ठेव म्हणतेय ना!"

इथे मुलगा ओरडतो, उशी भिरकावतो, दार आपटतो. आई म्हणते, "जा, काय करायचं ते कर, माझं डोकं उठलंय." आणि आत निघून जाते.

घरात शांतता. मुलगा काय शिकला? आवाज चढवला की विषय बंद होतो. आई काय शिकली? सोडून दिलं की डोकं शांत होतं. दोघांनाही बक्षीस मिळालं. उद्या भांडण याच पायरीवरून सुरू होणार आणि एक पायरी वर जाणार. काही दिवस उलटंही होतं, आईच्या हातात लाटणं येतं, मुलगा गप्प होतो. मग धडा हा की जास्त जोराने मारेल तो जिंकतो. हे शिकलेला मुलगा वर्गात सरांवर तोच डाव टाकतो, आणि एका संध्याकाळी कट्ट्यावर टाकतो. तिथे समोरच्याच्या हातात लाटणं नसतं.

उपाय कंटाळवाणा आहे, आधीच सांगते. दिवसातल्या तीस सूचना कमी करून पाच करा. ज्या द्याल त्या स्वयंपाकघरातून ओरडून नाही, त्याच्याजवळ जाऊन, एका वाक्यात. "साडेनऊला फोन या टेबलावर." पुढे भाष्य नाही, बापाचा उल्लेख नाही. नाही ठेवला तर परिणाम लहान पण चुकवता न येणारा: उद्या संध्याकाळी फोन माझ्याकडे. 'महिनाभर फोन बंद' म्हणू नका, कारण तिसऱ्या दिवशी तुम्हीच वैतागून परत द्याल आणि तुमच्या शब्दाचा भाव आणखी उतरेल. तो ओरडला तर तुम्ही बाजूला व्हा, पण टेबलाचा नियम सोडू नका. पहिले दोन आठवडे त्याचं ओरडणं वाढेल. इतके दिवस चाललेलं नाणं अचानक चालेनासं झालं तर माणूस ते दोनदा आपटून बघतोच. आणि ज्या रात्री त्याने आपणहून फोन ठेवला त्या रात्री "ठेवलास ना, छान" एवढं म्हणा. आपल्याकडे चांगल्याची नोंद घ्यायची पद्धत नाही, हेही एक.

वडिलांबद्दल जरा स्पष्ट लिहिते. ट्रकवरून वीस दिवसांनी माणूस घरी येतो, चप्पल काढायच्या आत त्याच्या हातात वीस दिवसांची तक्रारवही पडते. तो दमलेला असतो, त्याला वाटतं बाप म्हणून काहीतरी करायला हवं, मग त्याला एकच गोष्ट करता येते. मुलासाठी बाप म्हणजे महिन्यातून एकदा येणारी शिक्षा होते. घरच्या गोष्टी घरच्या दिवशीच मिटवा. वडिलांनी रोज ठरलेल्या वेळी मुलाला फोन करावा, तुम्हाला नाही, मुलाला. अभ्यासाचं विचारायचं नाही. आज कुठे आहे, ढाब्यावर काय खाल्लं, कुठल्या घाटात अडकलो, हे सांगायचं. पाच मिनिटं पुरेत. जमलं तर सुट्टीत एक फेरी बरोबर न्यावं. केबिनमध्ये आठ तास शेजारी बसणं म्हणजे शंभर मेथीच्या जुड्या.

हवालदारांना सांगून दम भरण्याचं मात्र करू नका. प्रत्येक पालकाला हे सुचतं आणि पोलीसही चांगल्या मनाने करतात. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला: वात्रट मुलांना तुरुंगात न्यायचं, जन्मठेपेचे कैदी त्यांच्यावर ओरडणार, मुलं घाबरून सुधारणार. पुढे अशा उपक्रमांच्या रीतसर चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा तुरुंग दाखवून आणलेल्या मुलांनी न नेलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचं दिसलं. माझा अनुभव निराळा नाही. ठाण्यात दोन तास बसून आलेला मुलगा कट्ट्यावर परत जातो तेव्हा त्याचा भाव वाढलेला असतो. शिवाय त्याला कळतं की घरचं प्रकरण आईने बाहेर दिलं. म्हणजे खरं सांगण्याचा दर पुन्हा चढला.

आणि तुम्हीही घाबरून जाऊ नका, त्याला कारण आहे. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा आयुष्यभर अभ्यास चालला आहे. त्यावरून टेरी मॉफिट यांनी दाखवलं की वयात येताना वात्रटपणा करणारी बहुतेक मुलं पुढे कामाधंद्याला लागून सरळ होतात. अगदी लहानपणापासून आक्रमक असलेली आणि पुढेही तशीच राहणारी मुलं थोडी. फक्त मधल्या काळात पाय कुठे अडकायला नको: शाळा कायमची सुटणं, व्यसन, मोठ्या टोळीचे उपकार. चौदा ते अठरा ही वर्षं पार करून देणं एवढंच तुमचं काम आहे.

म्हणून शाळा बुडवण्याकडे मी पाचशेपेक्षा जास्त लक्ष देईन. का जात नाही, ते शोधा. नववीत बसलेला पण मराठीचा एक परिच्छेद धड वाचता न येणारा मुलगा ही माझ्या फायलींतली नेहमीची गोष्ट. त्याला रोज पाच तास चाळीस जणांपुढे अडाणी ठरायचं असतं. त्यापेक्षा कट्टा बरा. एके दिवशी त्याला सहज वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला सांगून बघा. कधी चष्म्याचा नंबर असतो, कधी एखादा शिक्षक घालूनपाडून बोलतो, कधी मोठी मुलं पैसे मागतात. पाचशेही तिकडेच गेले असतील, कोण जाणे.

मित्र तोडायला सांगू नका, तुटत नाहीत. त्यांना घरी बोलवा, पोहे खाऊ घाला, नावं माहीत करून घ्या. आणि मुलाला निसटायला एक निमित्त द्या. रस्त्यात मध्यरात्री तलवारीने केक कापायचा आणि स्टेटसला टाकायचं हे फॅड आहेच, त्यात उभी राहिलेली मुलंही शस्त्राच्या गुन्ह्यात ओढली जातात. "नको" म्हणायची हिंमत प्रत्येकात नसते. ठरलेला मिस्ड कॉल आला की तुम्ही फोन करून ओरडायचं, "आत्ताच्या आत्ता घरी ये." त्याने मित्रांकडे बघून वैतागायचं आणि निघायचं. तुम्ही वाईट ठरा, चालतं.

दोन-तीन गोष्टी घरच्या आवाक्याबाहेरच्या असतात. कपड्यांना किंवा तोंडाला सोल्यूशनचा, व्हाइटनरचा वास, मुलं नशेसाठी हुंगतात तो. न परवडणारा फोन 'मित्राने दिला' म्हणून हातात. हातावर कापल्याच्या खुणा. किंवा घरात नवऱ्याचीच मारहाण. मग मेथी निवडत बसू नका. १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला फोन करा, जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो तिथे दाखवा. आणि कधी पोलीस आलेच तर एवढं लक्षात ठेवा: अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, चोवीस तासांत मंडळासमोर न्यावंच लागतं, वकील मोफत मिळतो आणि त्याचं नाव-फोटो छापणं गुन्हा आहे.

'आमची परिस्थिती बेताची म्हणून असं झालं' असंही तुम्ही लिहिलंय. ते डोक्यातून काढा. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, ती गाडी अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप आहे. ते घर काही बेताचं नव्हतं. मंडळाने त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट घातली, त्यावर सगळा महाराष्ट्र चिडला, आणि बरोबरच चिडला. पण त्याच आठवड्यात माझ्या सोसायटीत दहावीतली मुलं बापाच्या बुलेटवर फिरत होती आणि बाप गॅलरीतून कौतुकाने बघत होते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर मालकाला किंवा पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, हे २०१९ पासून कायद्यात आहे. चावी कोणी दिली, हा प्रश्न श्रीमंत-गरीब बघत नाही.

आता पाचशे. "तू घेतलेस का?" असं विचारू नका. तुम्हाला माहीत आहे, मग विचारणं म्हणजे त्याला खोटं बोलायची संधी देणं. उद्या पोळ्या भाजताना सांगा, "पर्समधले पाचशे तू घेतलेस ते मला माहीत आहे. मी कोणाला बोललेले नाही. कशाला लागले ते सांगशील तेव्हा ऐकेन. पण पैसे परत यायला हवेत." आणि पोळी उलटा. लगेच उत्तर येणार नाही. कोणी धमकावून मागितले असं निघालं तर गोष्ट वेगळी, मग त्या दिवशी तुम्ही त्याच्या बाजूने उभ्या राहायचं आणि शाळेत जायचं. तसं नसेल तर दर रविवारी त्याला शंभर रुपये खर्ची द्यायला सुरुवात करा. आत्तापर्यंत तुम्ही देत नव्हता, तो लागेल तसे मागून घ्यायचा, हे तुम्हीच लिहिलंय; चौदाच्या मुलाकडे स्वतःचा एक रुपया नसेल तर तो काय शिकणार? शंभरातले पन्नास तिथल्या तिथे तुम्हाला परत. उरलेल्या पन्नासांचं तो काय करतो ते विचारायचं नाही. कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात त्याने स्वतः टिक करायची. दहा रविवार. दहावी टिक झाली की हिशेब संपला, नंतर दिवाळीत पाहुण्यांसमोर काय, भांडणाच्या भरातही ते पाचशे पुन्हा काढायचे नाहीत.